स्वभावाचा शिक्का

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस फार जुनी आहे. वैद्यांनी वात, पित्त, कफ अशा प्रकृती सांगितल्या. गीतेने सत्त्व, रज, तम हे गुण सांगितले. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची, उत्तम पुरुषाची आणि पढतमूर्खाची लक्षणे दिली. समर्थांचे वाङ्मय गोळा करण्यासाठी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी किती खस्ता खाल्ल्या, हे खानदेशच्या श्रोत्यांस सांगावयास नको. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. समर्थांनी मूर्खलक्षणे सांगितली ती टाकून देण्यासाठी. वाचणाऱ्याने ती स्वतःत शोधावी आणि सोडावी. म्हणजे लक्षण बदलता येते, हे तेथे गृहीतच धरलेले आहे.

हल्ली नोकरीच्या दारात ज्या व्यक्तिमत्त्व चाचण्या घेतात, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चाचणीचे मूळ स्वित्झर्लंडच्या कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाच्या १९२१ सालच्या ग्रंथात आहे. कोणाचे मन बाहेरच्या जगात रमते, कोणाचे आत वळते. कोणी विचाराने निवाडा करतो, कोणी भावनेने. असे भेद त्यांनी मांडले. अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी तो विचार उचलला. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारो स्त्रिया प्रथमच कारखान्यांत शिरत होत्या. त्यांना आपल्या स्वभावाला मानवणारे काम सापडावे, हा या प्रश्नावलीमागील एक हेतू होता. १९६२ साली ती छापून निघाली. चार जोड्या, प्रत्येकीतून एक बाजू, असे मिळून माणसांचे १६ प्रकार. मायर्स-ब्रिग्ज या नावाने ती जगभर गेली.

ही प्रश्नावली मोजते काय? ती माणसाचा कल मोजते. आपण उजव्या हाताने जेवतो, म्हणून डावा हात निकामी ठरत नाही. तसेच एकांत आवडणारा मनुष्य गिरणीच्या फाटकावर उभा राहून हजार कामगारांपुढे बोलू शकतो. असे कितीतरी कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. घरी चार शब्द न बोलणारे, पण वाटाघाटीच्या टेबलावर मालकाच्या वकिलास पुरून उरणारे! कल निराळा आणि कुवत निराळी.

शिवाय बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात. चाचणी मात्र मधोमध रेघ ओढून त्यांना अलीकडे किंवा पलीकडे ढकलते. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो. आजचे अभ्यासक खोकी पाडण्याऐवजी कमी-अधिक दाखवणारी मोजपट्टी वापरणे पसंत करतात. ही चाचणी नोकरभरतीसाठी वापरू नये, असे खुद्द ती प्रसिद्ध करणारी कंपनीही सांगते.

तरीही अशा तऱ्हेचे कागद भरतीत येतात. पुण्याकडे नोकरीस जाणारी आमच्या कामगारांची मुले आम्हांला विचारतात, "काका, यात काय लिहिले म्हणजे घेतील?" स्वभाव सांगावयाचा, तोही पाठ करून! अशाने माणूस ओळखला जात नाही. त्याच्या कपाळी शिक्का मात्र बसतो.

असा शिक्का काय करतो, हे खानदेशाने पूर्वी पाहिले आहे. १८१८ साली इंग्रजी अंमल आला, तेव्हा सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्ल म्हणजे जात्याच लुटारू, असा साहेबांच्या दप्तरी अभिप्राय पडला. पेशवाईच्या अखेरची बेबंदशाही, पेंढाऱ्यांची लूट, १८०३-०४ चा दुष्काळ, यांत जागल्यांचे आणि नाईकांचे जुने हक्क बुडाले होते. पोट भरण्याचा मार्ग तुटला, तेव्हा हाती तीरकमठा आला. लष्कर पाठवून बंदोबस्त होईना.

अखेर १८२५ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी धोरण पालटले. नाईकांना तनखे, कसणाऱ्यांना जमीन व तगाई, जुन्या गुन्ह्यांस माफी आणि धरणगावास भिल्लांची पलटण. बावीस वर्षांच्या जेम्स औट्रमने ती अवघ्या नऊ माणसांनिशी सुरू केली. थोड्याच वर्षांत मुलखातील नाकी व पहारे या 'लुटारूं'च्या हाती आले. इंग्रजांना वसुली आणि शांतता हवी होती. त्यांचे औदार्य गाण्याचे कारण नाही. पण पगार, जमीन आणि थोडा मान मिळताच 'जन्मजात स्वभाव' बदलला, हे त्यांच्याच कारभाराने सिद्ध केले. पुढे सेंधव्याचा घाट राखणाऱ्या काजरसिंग नाईकांनी १८५७ साली त्याच सरकारावर शस्त्र उचलले. लुटारू, पहारेकरी की बंडखोर? यांपैकी खरा प्रकार कोणता म्हणावा?

हा धडा सरकारने घेतला नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. जन्मावरून गुन्हेगार ठरलेल्यांची पोलिसांत हजेरी सुरू झाली. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात ठेवलेली माणसे गिरण्यांत राबली. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. संशय अजून पुरता गेलेला नाही.

चाचणी आणि तो कायदा एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. कायदा जन्म पाहत होता, चाचणी उत्तरे पाहते. तथापि माणूस जसा आहे तसाच राहणार, ही समजूत दोहोंच्या वापरात डोकावते, आणि ती नेहमी वरच्याने खालच्याविषयी करून घेतलेली असते. साहेबाच्या स्वभावाची नोंद भिल्लाने ठेवली नव्हती.

म्हणून स्वतःस ओळखण्यासाठी अशी प्रश्नावली कोणी खुशाल भरावी. समर्थांची लक्षणे वाचावी तशी वाचावी. परंतु नोकरीच्या अर्जाबरोबर ती आली, तर तीन प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे. हा कागद कोण ठेवणार? कशासाठी वापरणार? आणि त्यावर आमचे म्हणणे कोण ऐकणार? धरणगावच्या त्या पहिल्या नऊ जणांपुढे असा कागद ठेवला असता, तर त्यांतील एकही पलटणीत शिरला नसता.