इझाकाया

इझाकाया : मद्य व अन्न एकाच बैठकीत पुरविणारे जपानमधील लोकप्रिय भोजनगृह. आपल्याकडील गुत्ता व खानावळ यांच्या दरम्यान त्याचे स्थान सांगता येईल. परंतु गुत्त्यात अन्न चखण्यापुरते असते आणि खानावळीत पान उठल्यावर रेंगाळणारा इसम मालकाला रुचत नाही, उलट इझाकायाचा सारा व्यवसाय गिऱ्हाइकाच्या रेंगाळण्यावरच उभा आहे.

व्युत्पत्ती : ‘इ’ म्हणजे असणे, बसून राहणे, ‘साके’, समासात ‘झाका’, म्हणजे मद्य, ‘या’ म्हणजे दुकान. एमिल झोलाच्या ‘लासोम्वार’ (1877) या फ्रेंच कादंबरीचे जपानी शीर्षक ‘इझाकाया’ असेच रूढ झाले आहे; त्या कादंबरीतील अधःपात पाहता हा मूळ शब्दावर काहीसा अन्यायच होय.

इतिहास : एदो (आजचे टोकियो) शहरात मद्यविक्रेते माप भरून साके विकीत व गिऱ्हाईक ते घरी नेई; पुढे दुकानातच बसून पिण्याची मुभा मिळू लागली आणि या मुभेतूनच प्रस्तुत संस्था उदयास आली. सरदारांच्या लवाजम्यातील शिपाई, कारागीर, हमाल अशा एकट्या पुरुषांचा या शहरात मोठा भरणा असल्यामुळे शिजवलेल्या अन्नाला मागणी फार होती. उत्तम साके पश्चिमेकडील इतामी व नादा येथून गलबतांतून येई आणि राजधानी क्योतोच्या बाजूने उतरून आलेले म्हणून त्यास ‘कुदारिझाके’ म्हणत. कांदा भागातील तोशिमाया या 1596 मध्ये स्थापन झालेल्या दुकानाविषयी परंपरा अशी, की तेथे साके खरेदीच्याच भावाने विकली जाई, सोबत मिसो लावून भाजलेल्या तोफूच्या काड्या मिळत, आणि नफा काय तो रिकामी पिंपे विकून काढला जाई. व्यापाराच्या अभ्यासकास ही हिकमत मोठी मननीय वाटेल. पहिल्या इझाकायाचा मान तोशिमायास द्यावा की कसे, याविषयी मतभेद आहेत. 1811 च्या गणतीत एदोमध्ये शिजवलेले पदार्थ व मद्य देणारी 1,808 दुकाने नोंदली गेली; शहराची वस्ती सुमारे दहा लाख होती.

वास्तू व बैठक : दारावर लाल कागदी कंदील, ‘आकाचोचिन’, असतो व बोलीत हा शब्द इझाकायाचाच पर्याय बनला आहे. दुकान उघडे असेतोवर दारात ‘नोरेन’ हा कापडी पडदा लोंबतो. लहान दुकानात ओट्याभोवती आठ-दहा जणांची जागा, ओट्यापलीकडे निखाऱ्यावर काड्या फिरविणारा आचारी, भिंतीवर हस्तलिखित पदार्थनामांच्या पट्ट्या, आणि प्रत्येक नव्या आगंतुकास उद्देशून सर्व नोकरांनी एका सुरात दिलेली ‘इराश्शाइमासे’ ही स्वागताची आरोळी, अशा धूर व कोलाहल यांच्या वातावरणात अपरिचितांची कोपरे एकमेकांना लागतात आणि संभाषण आपोआपच सुरू होते.

भोजनक्रम : आरंभी हात पुसण्यास ओला रुमाल येतो. पहिली मागणी बहुधा ‘तोरिआएझु बीरु’, म्हणजे ‘तूर्त बिअर’, अशी असते. सर्वांचे पेले भरल्यावाचून व ‘कान्पाइ’ म्हटल्यावाचून घोट घेत नाहीत. आपला पेला आपण न भरता शेजाऱ्याचा भरावा, असा शिष्टाचार आहे. पदार्थ एकदम न मागविता थोडे थोडे मागवितात व मध्ये ठेवून वाटून खातात : मिठाच्या पाण्यात उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, कच्च्या माशाचे काप, मीठ किंवा गोडसर सोयारस लावून भाजलेल्या कोंबडीच्या काड्या, तळण, रसातले कंद. भात किंवा शेवया अगदी शेवटी येतात. या समाप्तीच्या पदार्थास ‘शिमे’ म्हणतात. शाकाहारी प्रवाशाने सावध असावे, कारण निरुपद्रवी दिसणाऱ्या तोफूच्या रसातही बहुधा सुक्या बोनितो माशाचा अर्क असतो.

साके किती ऊन हवी यासाठी स्वतंत्र परिभाषाच आहे : 5 अंश सेल्सिअसला ‘युकिबिए’ (हिमासारखी गार), 30 ला ‘हिनाताकान’ (कोवळ्या उन्हाची ऊब), 35 ला ‘हितोहादाकान’ (माणसाच्या अंगाची ऊब), 50 ला ‘आत्सुकान’ (कढत). एका मद्याच्या उष्णतेचे इतके बारकाईने वर्गीकरण क्वचितच आढळेल.

आकार : न मागता येणारी पहिली लहान वाटी टोकियोकडे ‘ओतोशी’ व ओसाकाकडे ‘त्सुकिदाशी’ म्हणून ओळखली जाते, तिचे सामान्यतः 300 ते 500 येन हिशेबात धरले जातात. हा खाद्याचा मोबदला नसून बसण्याच्या जागेचा आकार होय, असे समर्थन करतात; परदेशी गिऱ्हाइकांची त्यावरून तक्रार असते. एकत्र आलेली मंडळी बिल बहुधा समभागाने वाटून घेतात. बक्षिसी देण्याचा रिवाज नाही.

विधिनियम : 2022 पासून जपानमध्ये सज्ञानतेचे वय 18 झाले असले, तरी मद्यपानाची किमान वयोमर्यादा 20 वर्षेच आहे.

साखळी दुकाने : ‘त्सुबोहाची’ या साखळीचा आरंभ 1973 मध्ये साप्पोरो येथे 8 त्सुबो (सुमारे 26 चौ. मी.) जागेत झाला, नावातील ‘हाची’ म्हणजे आठ.

जतन : टोकियोतील कागिया हे 1856 चे मद्यगृह मूळ जागेवरून हलवून कोगानेइ येथील एदो-टोकियो खुल्या वास्तुसंग्रहालयात उभारले असून, त्याची अंतर्गत मांडणी 1970 च्या सुमारास होती तशी ठेवली आहे.