दोरीतली गाठ

आमच्या गटातल्या एका मावशींच्या स्तनात गाठ होती. वर्षभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटी सुनेच्या लक्षात आलं, उपचार सुरू झाले आणि केस गळाले. बैठकीत डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी मला विचारलं, "अगं, रोग छातीत, मग केस का जातात?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मग विचारत, वाचत गेले. त्यातून हाती आलेला इतिहास आज सांगते.

कॅन्सरची पेशी म्हणजे थांबायचं विसरलेली पेशी. एकीच्या दोन, दोनाच्या चार होतच राहतात. नेहमीची केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. केसांच्या मुळाशीही पेशी भराभर वाढतात, म्हणून सुक्याबरोबर ओलंही जळतं. यासाठीच शास्त्रज्ञ नेमक्या जागी लागणारं औषध शोधत असतात. त्यातला एक शोध सुरू झाला जेलीपासून.

१९१० साली ईवार बांग या शास्त्रज्ञाला दिसलं, की ग्वानिन हा घटक असलेलं एक आम्ल पाण्यात दाट मिसळलं की त्याची जेली होते. का, ते कळेना.

१९५३ साली डीएनएचा आकार जगाला कळला. दोन पेडांची, पीळ दिलेली दोरी! वॉटसन आणि क्रिक यांचं नाव झालं. पण त्यांना मोठा आधार मिळाला रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण कामाचा. या बाई १९५८ साली अंडाशयाच्या कॅन्सरनं गेल्या. वय अवघं ३७.

ग्वानिन हा या दोरीतल्या चार घटकांपैकी एक. १९६२ साली अमेरिकेत मार्टिन गेलर्ट, मेरी लिपसेट आणि डेव्हिड डेव्हिस यांनी जेलीचं कोडं सोडवलं. चार ग्वानिन हात धरून फेर धरतात आणि असे फेर एकावर एक बसतात. पुढे कळलं, की दोरीत जिथे ग्वानिन पुष्कळ असतात, तिथे एक पेड दुमडून अशीच चौपदरी गाठ पडू शकते.

पण ही गाठ फक्त काचेच्या नळीत पडते, की माणसाच्या पेशीतही? ते डोळ्यांनी दिसायला २०१३ उजाडलं. केंब्रिजमध्ये चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यन, जूलिया बिफी आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या पेशींत या गाठी चमकत्या ठिपक्यांसारख्या दाखवल्या. पेशी दोन होण्याआधी डीएनएची नक्कल करते, त्या वेळी ठिपके सर्वांत जास्त होते.

इथेच औषधाचा धागा सापडला. नक्कल करायची तर दोरी उलगडावी लागते. एरवी पेशीतली प्रथिनं या गाठी सोडवतात. पण पिरिडोस्टॅटिनसारखं रसायन गाठीला चिकटून ती पक्की करतं. शिलाई मशीनवर दोऱ्यात गाठ आली की काय होतं? सुई अडते, दोरा तुटतो. तसंच इथे नक्कल अडते, डीएनए तुटतो, पेशी दोन होऊ शकत नाही किंवा मरते.

निरोगी पेशीतही अशा गाठी असतात. मग फरक कुठे? तुटलेलं जोडण्यात. बीआरसीए नावाची जनुकं तुटलेला डीएनए जोडायला मदत करतात. ती बिघडली की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पण अशा कॅन्सरच्या पेशींना तुटलेलं नीट जोडताही येत नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की गाठ पक्की करणारं सीएक्स-५४६१ हे रसायन नेमक्या अशा पेशींना जास्त मारतं. मग रुग्णांवर चाचण्या झाल्या. काहींच्या गाठी लहान झाल्या, पण कातडीला ऊन सोसेना, असा त्रासही दिसला.

म्हणजे जेलीपासून इथवर यायला शंभर वर्षं लागली आणि या औषधांच्या चाचण्या अजून संपलेल्या नाहीत. म्हणून गाठ विरघळवण्याची हमी देत कुणी पुडी विकायला आलं, तर पैसे काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मावशींना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना शंभर वर्षं लागू दे. मी एक वर्ष घालवलं, ते बायकांना सांग." म्हणून सांगते. स्तनात गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं, तर लपवू नका. त्याच आठवड्यात दवाखान्यात दाखवा. एकटीला जायचा संकोच वाटला, तर गटातल्या मैत्रिणीला सोबत न्या.