गोंडांचं रान, पृथ्वीच्या नकाशावर

नागपूर वसवलं ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने. भोसले नंतर आले. हे इतिहासप्रेमींना ठाऊक असतं. पण गोंडांचं नाव भूशास्त्रात जगभर घेतलं जातं, ते कसं?

नागपूर-कामठीच्या खडकांत मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्लॉसोप्टेरिस या झाडाच्या पानांचे ठसे मिळाले. पुढे १८७२ च्या सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या मेडलिकॉट यांनी अशा कोळशाच्या थरांना गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवाना’ म्हटलं. तसेच ठसे दक्षिण आफ्रिकेतही सापडत होते. त्यावरून एडवर्ड स्यूस यांनी १८८५ मध्ये ‘गोंडवाना-लँड’ हा प्राचीन खंड मांडला. मधली जमीन समुद्रात बुडाली, असं त्यांचं मत.

१९१२ मध्ये वेगेनर म्हणाले, जमीन बुडाली नाही, तुकडे सरकले! पण कुठल्या जोराने, ते त्यांना पटवता आलं नाही. उत्तर १९६० च्या दशकात मिळालं. समुद्रतळाच्या भेगांतून नवं कवच तयार होतं आणि खालच्या तप्त प्रावरणावर भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात. भारताचा पट्ट असाच उत्तरेला आला, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि हिमालय उभा राहिला.

चंद्रपूरचा आणि खाली गोदावरीखोऱ्यात, जुन्या निजाम राज्यातल्या सिंगरेणीचा कोळसा त्याच गोंडवाना काळातल्या झाडांचा. चांद्याचा गोंडकालीन परकोट बघायला गेलात तर एवढं लक्षात असू द्या: राज्य गेलं, पण आसपासच्या खाणींतल्या खडकावर नाव अजून गोंडांचंच आहे.