लशीचं दुसरं पारडं

एप्रिल 2021. आमच्या भागातल्या एका शाळेत लसीकरण केंद्र होतं. आई तेव्हा 68 वर्षांची. सुई टोचून झाल्यावर सिस्टरनी कापसाचा बोळा दंडावर दाबायला सांगितला आणि म्हणाल्या, "काकू, अर्धा तास इथंच बसा. चक्कर, खाज, धाप, काही वाटलं तर लगेच हाक मारा." पहिली-दुसरीच्या पोरांच्या बुटक्या बाकांवर आम्ही बसलो. शेजारी एक आजोबा दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. भिंतीवर बाराखडीचा तक्ता होता. कुणी फारसं बोलत नव्हतं.

त्या अर्ध्या तासाचा अर्थ सरळ आहे. जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत दिसते, म्हणून थांबवून ठेवायचं. म्हणजे देणाऱ्यालाही ठाऊक असतं की या सुईत थोडा का होईना, धोका आहे. तो धोका एका पारड्यात आणि रोगाचा धोका दुसऱ्या पारड्यात टाकून तोलायची रीत तीनशे वर्षांची आहे, आणि ती ज्यांनी घडवली त्यांनी पहिल्यांदा आपल्याच हातून झालेले मृत्यू मोजले होते.

सुरुवात 1721 सालच्या बोस्टनमध्ये झाली. गावात देवीची साथ होती. कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाकडे ओनेसिमस नावाचा आफ्रिकेतून आणलेला गुलाम होता. देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत भरला की सौम्य देवी येतात आणि पुन्हा कधी येत नाहीत, हे त्यानं मॅदरला सांगितलं. त्याच्या मुलखात ही रीत होती. (आपल्याकडे बंगालातले टीकादारही पिढ्यानपिढ्या हेच करत.) झॅबडिएल बॉयल्स्टन या वैद्यानं धाडस केलं, तेही आधी स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलावर. गाव इतकं खवळलं की मॅदरच्या घरात पेटता बॉम्ब फेकला गेला. साथ ओसरल्यावर हिशोब मांडला गेला. आपसूक देवी आलेले पावणेसहा हजारांच्या घरात, त्यांतले 844 गेले, म्हणजे सातात एक. बॉयल्स्टननं टोचलेले अडीचशेच्या आतबाहेर, त्यांतले सहा गेले, म्हणजे चाळिसात एक. ते सहा मृत्यू त्यानं लपवले नाहीत, छापले. लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस जेम्स ज्यूरिन यानं मग इंग्लंडभरच्या वैद्यांकडून असेच आकडे पत्रानं मागवले आणि प्रसिद्ध केले. दुष्परिणामांची नोंदवही ती हीच.

1760 मध्ये डॅनिएल बर्नोली या गणितज्ञानं पॅरिसच्या अकादमीपुढे पुढचं पाऊल टाकलं. टोचल्यानं दोनशेत एक मरतो असं धरलं तरी, सगळ्यांनाच टोचलं तर माणसाचं सरासरी आयुष्य तीनेक वर्षांनी वाढतं, असं त्यानं दाखवून दिलं. राज्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता. पण त्याच वर्षी दालांबेर या दुसऱ्या गणितज्ञानं घेतलेला आक्षेप मला बर्नोलीच्या गणिताइतकाच मोलाचा वाटतो. तो म्हणाला, ही तीन वर्षं मिळणार आयुष्याच्या शेवटी आणि मरणाचा धोका मात्र या महिन्यात. तीस वर्षांच्या माणसानं, किंवा पोर मांडीवर घेतलेल्या आईनं, तो सौदा नाकारला तर त्यांना मूर्ख कसं म्हणायचं? राज्याचा तराजू वेगळा, आईचा वेगळा. हा आक्षेप आजतागायत कुणी खोडून काढलेला नाही.

1796 मध्ये एडवर्ड जेन्नरनं गायीच्या देवीचा उपयोग दाखवला आणि धोक्याचं पारडं एकदम हलकं झालं. आपला 'लस' हा शब्द इथून समजून घ्यायला हवा. जखमेतून जे पातळ, चिकट पाणी झिरपतं ती लस. 'जखमेतून लस येतेय' असं घरोघर आजही म्हणतात. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातलं हेच पाणी काढून दुसऱ्याच्या दंडात भरायचं, ही देवी टोचायची रीत. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला अशी लस लागू पडली. हिंदुस्थानातली ती पहिली. बगदाद, बसरा असा प्रवास करत ती लस दंडादंडातून इथवर पोचली होती, आणि अ‍ॅनाच्या दंडावरून पुढे देशभर गेली.

दंडातून दंडात जाताना इतर रोगही जात. इटलीत रिवाल्टा इथं 1861 मध्ये एका वरवर निरोगी दिसणाऱ्या बाळाची लस वापरल्यानं चाळीसहून अधिक मुलांना उपदंश झाला. आणि इंग्लंडमध्ये तर 1853 पासून लस सक्तीची होती. तान्ह्या बाळाला टोचलं नाही की बापाला दंड, दंड न भरला तर सामान जप्त, नाही तर तुरुंग. गरिबांच्याच घरचं सामान जाई. मार्च 1885 मध्ये लेस्टर शहरात हजारोंचा मोर्चा निघाला. सरकारनं नेमलेला आयोग सात वर्षं साक्षी घेत बसला, आणि 1898 च्या कायद्यात दोन गोष्टी एकदम आल्या. ज्याची सदसद्विवेकबुद्धी मान्य करत नाही त्या पालकाला सूट मिळाली. युद्धाला नकार देणाऱ्यांसाठी पुढे 'कॉन्शन्शस ऑब्जेक्टर' हा जो इंग्रजी शब्द रूढ झाला तो या सुईच्या भांडणातून आलेला. आणि त्याच कायद्यानं दंडातून दंडात टोचणं बंद करून वासराची, ग्लिसरिनमध्ये राखलेली लस आणली. विरोध करणाऱ्यांच्या पुष्कळशा गोष्टी चुकीच्या होत्या. उपदंशाची भीती मात्र खरी होती, आणि ती ऐकून घेतल्यामुळे लस सुधारली.

आपल्या वाट्याला अशी सूट आली नाही. मुंबई शहरात 1877 च्या कायद्यानं देवीची लस सक्तीची झाली. मग 1896 चा सप्टेंबर उजाडला. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ओडेसाहून पॅरिसमार्गे हिंदुस्थानात आलेले वाल्डेमार हाफकिन कॉलऱ्याची लस टोचत इथं फिरत होते, त्यांना मुंबईला बोलावलं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. काचेच्या चंबूत मांसरस, त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब. हो, आपलं साजूक तूप. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत, चंबू हलवला की तळाशी बसत आणि नवी वाढ धरत. मग ते तापवून मारायचे. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिननी त्यातले दहा घनसेंटिमीटर स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. ताप चढला, टोचलेली जागा ठणकत राहिली. ते दुखणं आणि तो ताप हीच या लशीच्या दुष्परिणामांच्या वहीतली पहिली नोंद.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. दीडशेच्या आसपास कैद्यांनी लस घेतली, पावणेदोनशेच्या आसपास लोकांनी घेतली नाही. जेवण एक, छप्पर एक, फरक एका सुईचा. न घेतलेल्यांत सहा-सात दगावले. घेतलेल्यांत, टोचण्याआधीच ज्यांच्या अंगात रोग भिनला होता ते सोडले, तर कुणी दगावलं नाही. तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा किती मोकळी असते, हा प्रश्न हे वाचताना मनात येतोच. पण शेजारीशेजारी दोन गट ठेवून मोजायची शिस्त आपल्या भूमीवर अशी रुजली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला; 2020 च्या मार्चमध्ये पुन्हा बाहेर निघाला तो हाच. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या हुकमानं गोरे सोजीर घरांत घुसले, माजघरापर्यंत गेले, माणसं उचलून छावणीत नेली. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेगची लस कधी सरसकट सक्तीची झाली नाही, पण सोजिरांची आणि सुईची भीती लोकांच्या मनात एकत्र झाली. आणि सरकारनं एक मधली वाट काढली, तिचं वळण ओळखीचं वाटेल. ज्याच्याकडे लस घेतल्याचा दाखला, त्याला विलगीकरणातून सूट. म्हणजे कुणाला धरून टोचायचं नाही, पण न टोचणाऱ्याचं जगणं अवघड करायचं. ऑगस्ट 2021 पासून मुंबईच्या लोकलचा पास काढायला दोन डोसांचं प्रमाणपत्र आणि वर चौदा दिवस लागू लागले, तेव्हा त्या जुन्या दाखल्याचं नातवंड खिडकीवर उभं होतं. कर्जत-कसाऱ्याहून रोज कामाला जाणाऱ्या बाईपुढे 'ऐच्छिक' या शब्दाला काय अर्थ उरतो, हे ती रांगच सांगत होती.

मग मुल्कोवाल. पंजाबातलं लहानसं गाव, 30 ऑक्टोबर 1902. त्या दिवशी 107 जणांना प्लेगची लस टोचली. आठवड्याभरात 19 जणांचे जबडे धरले, पाठी ताठल्या, धनुर्वात. सगळे गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती, क्रमांक 53 एन. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काहीही झालं नव्हतं. संशय लस बनवणाऱ्या हाफकिनच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना पदावरून दूर केलं गेलं. चौकशीच्या कागदांतच एक बारीकशी नोंद होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो जेमतेम जंतुनाशकात बुडवून त्याच चिमट्यानं बूच काढलं होतं. शिवाय उघडल्यावर बाटलीला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढत असते तर दुर्गंधी सुटली असती. हे जगापुढे ठासून मांडायला रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांना 1907 साल उजाडलं. तेव्हा कुठे हाफकिनवरचा डाग धुतला गेला. ते कलकत्त्याला परत कामावर आले. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते 1925 मध्ये. मला या प्रकरणात त्या बाटलीचा क्रमांक सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. क्रमांक होता, कुठल्या बाटलीतलं कुणाला टोचलं याची नोंद होती, म्हणून 19 मृत्यूंचं कारण चिमट्यापर्यंत शोधता आलं. नोंद नसती तर लसच खुनी ठरली असती किंवा मृत्यूच नाकारले गेले असते.

पारडी कायम जागच्या जागी राहत नाहीत, हेही देवीनंच शिकवलं. अमेरिकेत देवीचा शेवटचा रुग्ण 1949 चा. लस मात्र चालूच होती, आणि पहिल्यांदा टोचलेल्या दर दहा लाखांमागे साधारण एक जण त्या लशीनंच मरत होता. रोग नाही आणि मृत्यू मात्र आहेत, हे मोजून दाखवल्यावर 1972 मध्ये तिथं सरसकट टोचणी थांबली. त्याच काळात आपल्याकडे बिहारमध्ये देवीचा वणवा पेटला होता, आणि तिथं टोचणं भागच होतं. मे 1975 मध्ये आपल्याकडचा शेवटचा रुग्ण सापडला. शेवटच्या टप्प्यात रात्री दारं फोडून, माणसं धरून टोचल्याच्या हकिगती मोहिमेतल्याच लोकांनी पुढे लिहून ठेवल्या आहेत. देवी गेली याचा आनंद खराच. पण त्या फोडलेल्या दारांचा हिशोब वहीत कुठल्या रकान्यात घालायचा, ते कुणी ठरवलेलं नाही.

आईला टोचलेली कोविशिल्ड हे ज्या लशीचं पुण्यात बनलेलं रूप, तिनं क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात आणि बिंबाणू घटतात, हे 2021 च्या मार्च-एप्रिलमध्ये युरोपात दिसलं. ब्रिटनमधलं प्रमाण पन्नाशीच्या आतल्यांत सुमारे पन्नास हजारांत एक आणि पुढच्या वयात लाखात एक. 7 एप्रिलला तिथं केंब्रिजच्या विंटन केंद्रानं वयोगटानुसार एक साधा तक्ता काढला: साथ कमी असताना लाखभर लोकांमागे लशीनं वाचलेल्या आयसीयू भरत्या किती, आणि गुठळ्या किती. विशीतल्यांना 0.8 विरुद्ध 1.1. म्हणून तिशीच्या आतल्यांना दुसरी लस देण्याचं ठरलं. बर्नोलीचं गणित आणि दालांबेरचा आक्षेप, दोन्ही त्या एका पानात आले होते. आपल्याकडे तेव्हा दुसरी लाट उसळलेली, ऑक्सिजनसाठी धावपळ. इथं तोच हिशोब लशीच्या बाजूनं कितीतरी जास्त झुकला असता. तो मांडून लोकांपुढे ठेवला असता तर लोक घाबरले असते, असं कुणाला वाटलं असेल. मला तसं वाटत नाही.

2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. सरकारचं लसधोरण न्यायालयाला गैरवाजवी वाटलं नाही. पण कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येत नाही, आणि लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध तेव्हाच्या परिस्थितीत प्रमाणाला धरून नाहीत, असं त्यानं म्हटलं. लशीनंतरच्या त्रासाच्या नोंदी, रुग्णाचं नाव झाकून, लोकांना पाहायला मिळाल्या पाहिजेत, असाही आदेश दिला. बॉयल्स्टननं तीनशे वर्षांपूर्वी आपणहून जे छापलं, ते इथं न्यायालयाला सांगावं लागलं.

मे 2024 मध्ये गुठळ्यांची बातमी आपल्याकडे नव्यानं पसरली. परदेशातल्या कोर्टात कंपनीनं कबुली दिली, असे मथळे होते. आई वर्तमानपत्र घेऊन माझ्यापुढे आली.

"हे तेव्हा माहीत होतं?"

"हो. आपण शाळेत गेलो त्याच महिन्यात."

मग मी एका कागदावर दोन रकाने आखले आणि त्या तक्त्यातला तिचा वयोगट लिहिला. साठ ते एकोणसत्तर. वाचलेल्या भरत्या 14.1, गुठळ्या 0.2. आईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून.

"मग मी घेतलीच असती की," ती म्हणाली. "हा कागद तेव्हा का नाही दाखवला?"