खाऱ्या विहिरी आणि हिवाळ्यातली परसबाग

पौष लागला, हिव वाढलं. सकाळी परसात गेल्यावर मेथी-सांबाराच्या वाफ्याच्या कडेला पांढरट पापुद्रा दिसतो ना? बऱ्याच जणींना ते दव वाटतं. दव असतं तर उन्हं वर आल्यावर गेलं असतं. हा पापुद्रा दुपारीही तसाच असतो. ते मीठ आहे, आणि त्याची गोष्ट फार जुनी आहे.

आपली भातकुली, शेजारचं दर्यापूर, पुढे अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली पूर्णेकाठची गावं, हा सगळा खारपाणपट्टा. नऊशेच्या आसपास गावं आहेत यात. जमीन काळी, खोल, पीक देणारी. खाली पाणीही आहे, पण खारं. इतकं खारं, की पूर्वी पूर्णेच्या दोन्ही काठांवर खास मिठासाठी विहिरी खणत. पाणी वर काढायचं, उन्हात आटवायचं, मीठ गोळा करायचं. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. मिठावर सरकारची मक्तेदारी आली आणि हा धंदा बंद पडला. पुढे एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला समुद्राकाठी मीठ उचललं. वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? तेव्हा इथले सत्याग्रही अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला गेले आणि तिथल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून त्यांनी कायदा मोडला. समुद्रापासून इतक्या दूर मिठाचा सत्याग्रह, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता हाच इतिहास वाफ्यात आणून बघा. ज्या पाण्यातून मीठ काढता येत होतं, तसलंच पाणी आपण रोज सांजेला तांब्या-तांब्याने सांबारावर घालतो. पाणी उडून जातं, मीठ मातीतच राहतं. पावसाळ्यात ते थोडंफार धुतलं जातं. हिवाळ्यात धुणारं कोणी नाही, मृगापर्यंत ते साठतच राहतं. चिकण माती आणखी घट्ट होते, पाणी खाली मुरत नाही, पानांच्या कडा करपतात. मग आपण म्हणतो, थंडीने जळलं. आणि आणखी पाणी घालतो!

मग जुन्या बाया हिवाळ्यात भाजी कुठून आणत? वावरातून. आपल्याच जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीला १९८४-८५ मध्ये उत्खनन झालं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत गहू आणि कडधान्यांचे जळके दाणे सापडले. म्हणजे रब्बीचं पीक इथे तेव्हापासून आहे. काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवते, त्या ओलीवर आणि दवावर हरभरा येतो, विहिरीचा थेंबही न घेता. शेंडे खुडले की झाड आणखी फुटतं आणि घरात भाजी होते. उरलेली वाळवून गाडग्यात ठेवली की उन्हाळा निघतो. पहाटे हरभऱ्यावर धडकं पसरून, ते पिळून आंबही धरत, पोटदुखीवर देत. हे सगळं बिनपाण्याचं हिवाळी काम होतं.

परसात तसंच करता येतं. वाफा उंच करा, शेणखत भरपूर घाला, वर तुरीचा पाला किंवा सोयाबीनचं कुटार अंथरा, म्हणजे ओल टिकते आणि मीठ वर कमी येतं. नळाचं गोडं पाणी असेल तर भाजी-तांदूळ धुतलेलं फेकू नका, तेच वाफ्याला द्या. साबणाचं मात्र नको. चुलीची राखही नको; इतर ठिकाणी ती चांगली, आपल्या जमिनीत आधीच खार आहे. खारं पाणी द्यावंच लागलं तर पालक आणि बीट ते बरंच सोसतात. गाजर, कांदा आणि शेंगांच्या वेलांना ते सोसत नाही. बियाण्याच्या किटमध्ये सगळंच येतं, म्हणून सगळंच पेरायचं असं नाही.

एक काम मात्र गटाने मिळून करावं. तुमच्या गावात मिठाची विहीर कुठे होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. काही ठिकाणी ती जागा बुजली असेल, तिथे घरं झाली असतील. पण कळली तर बैठकीच्या वहीत लिहून ठेवा. पुढे कोणी गटाच्या भाजीसाठी तिथेच बोअर घ्या म्हणालं, तर ते पान उघडून दाखवता येईल.