पाठवणाऱ्याचा पत्ता

रावेरला मामांच्या घरी कॉम्प्युटरवर एक जुनं फडकं झाकलेलं असतं. सकाळचा चहा झाला की ते निघतं आणि मामा केळीचे भाव बघतात, आधी रावेरचे, मग बऱ्हाणपूरचे. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा ते फडकं दोन दिवस निघालंच नव्हतं. मामी हळूच म्हणाल्या, "त्याच्यात व्हायरस शिरलाय. हे म्हणतात, चालू केला तर बँकेतले पैसे जातील." पीकविम्याचे पैसे नुकतेच जमा झाले होते. मामांना दोन रात्री झोप नव्हती.

मी कॉम्प्युटर लावला. मिनिटभरात उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातून एक पट्टी वर सरकली. लाल ढाल आणि शेजारी इंग्रजीत मजकूर: पाच व्हायरस सापडले, तुमचं संरक्षण आज संपतंय. ती घालवली की दुसरी हजर. वर नाव एका नामांकित अँटीव्हायरसचं. पण मजकुराच्या खाली, राखाडी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: क्रोमचं नाव आणि एका भलत्याच वेबसाइटचा पत्ता. म्हणजे ही सूचना कॉम्प्युटरच्या पोटातून आलेलीच नव्हती. एक वेबसाइट ब्राउझरच्या तोंडून बोलत होती.

इलाज दहा मिनिटांचा होता. क्रोममधले तीन ठिपके, सेटिंग्ज, तिथून प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सच्या यादीत नावाला अर्थ नसलेल्या तीन निघाल्या, त्या काढल्या. मग एक्स्टेन्शन्स तपासली, कुणी न मागवलेलं एक 'सर्च'वालं उडवलं. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावून बघितली. शेवटी विंडोजमधल्याच डिफेंडरनं पूर्ण तपासणी केली. व्हायरस एकही नव्हता. कधीतरी एका पानानं 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा' म्हटलं आणि मामांनी दाबलं, एवढंच घडलं होतं. साइट बंद असतानाही तिनं आपल्याला सूचना पाठवाव्यात, ही सोय क्रोममध्ये २०१५च्या एप्रिलमध्ये आली. ती बातम्यांसाठी होती, मेसेजसाठी होती.

व्हायरस खोटा होता, पण मामांचे दोन दिवस खरे होते. ही लाल ढाल कुठून निघाली आणि रावेरच्या घरात कशी पोचली, याचा माग काढावासा वाटला.

अचानक उघडणारी जाहिरातीची खिडकी १९९०च्या दशकातली. अमेरिकेत ट्रायपॉड नावाची साइट लोकांना फुकट वेबपानं देत असे. एका मोटार कंपनीची जाहिरात तिथल्या एका अश्लील पानावर दिसली आणि कंपनी बिथरली. मग तिथल्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडेल असा कोड लिहिला, म्हणजे त्या पानाचा आणि जाहिरातीचा संबंध आहे असं वाटू नये. २०१४मध्ये 'द अटलांटिक' मासिकात लेख लिहून त्यांनी याबद्दल जाहीर माफी मागितली. मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे की खिडकीचा जन्मच मुळी मजकूर आणि तो दाखवणारा यांची ताटातूट करण्यासाठी झाला. पुढच्या सगळ्या भामट्यांना हीच ताटातूट हवी होती.

त्याआधीचा काळ उलटा होता. १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी, बासित आणि अमजद फारूक अल्वी यांनी 'ब्रेन' लिहिला. पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानला जातो, आणि त्याच्या कोडमध्ये त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता! तीन वर्षांनी चित्र पालटलं. १९८९मध्ये एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी टपालानं लोकांना गेल्या. कॉम्प्युटर ९० वेळा सुरू झाला की ती फ्लॉपी फाइलींची नावं दडवायची आणि १८९ डॉलर मागायची. पैसे कुठे पाठवायचे? पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर. पत्ता अजून होता, पण त्यावर माणूस सापडणार नव्हता.

ढालीची कथा ऑगस्ट २००४ची. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीसाठी सर्व्हिस पॅक २ आणला. त्यात सिक्युरिटी सेंटर होतं, धोका असला की घड्याळाजवळ खरीखुरी लाल ढाल दिसे. काही वर्षांत खोट्यांनी तीच ढाल उचलली. 'एक्सपी अँटीव्हायरस २००८' असल्या नावांचे प्रोग्रॅम आले. ते तपासणीचं नाटक करत, हिरवी पट्टी सरकताना दिसे, सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, शेकडो व्हायरस. ते बहुतेक वेळा नुसतं पानावरचं चित्र असे. ज्याच्या यंत्रावर विंडोजच नाही, त्यालाही त्याचा 'सी ड्राइव्ह' बाधित दिसे. सफाई हवी तर पैसे भरा. या धंद्यातली एक मोठी कंपनी, इनोव्हेटिव्ह मार्केटिंग, नोंदलेली बेलिझमध्ये होती आणि काम युक्रेनमधल्या कीव्हमधून चाले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर २००८मध्ये तिला कोर्टात खेचलं. फसलेल्या ग्राहकांची संख्या १० लाखांच्या वर सांगितली गेली. २०१२मध्ये कोर्टानं एका प्रतिवादीवर १६ कोटी ३० लाख डॉलरचा बोजा टाकला.

त्याच वर्षांत आपल्याकडे घरोघर कॉम्प्युटर येत होते. एमएस-सीआयटी करायची म्हणून मुलांना, नोकरीत लागते म्हणून मास्तरांना. जळगाव-भुसावळहून जोडून आणलेला डबा, त्यात बिनपरवान्याची विंडोज. ती विंडोज कोपऱ्यातून सांगायची की ही प्रत अस्सल नाही. सूचना खरी होती आणि आपण ती रोज बंद करत होतो. इंग्रजीतली चौकट आली की न वाचता ओके दाबायचं, हे वळण तिथे लागलं. त्यात पेन ड्राइव्हवरून 'न्यू फोल्डर'चं सोंग घेतलेला व्हायरस फिरायचा. तेव्हा दुकानदार क्विक हीलची सीडी टाकून द्यायचा. ते पुण्यातल्या दोन भावांचं काम. कैलाश काटकर यांनी दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकट्या संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला. एका मराठी घरातून निघालेलं औषध गावोगावच्या दुकानांत पोचलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण भीतीची ही रीत कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे. माझ्या आजीच्या घरी निनावी पोस्टकार्डं यायची: देवीचा चमत्कार, अकरा जणांना लिहून पाठवा, पाठवलं त्याला लॉटरी लागली, ज्यानं फाडलं त्याचा मुलगा गेला. आजी रात्री कंदिलापाशी बसून अकरा कार्डं लिहायची. तिचा त्यावर विश्वास होताच असं नाही, पण घरात लेकरं होती. त्याहून जवळचा पूर्वज म्हणजे भोंदू. 'घरावर करणी आहे' म्हणायचं, स्वतःच आणलेली लिंबू-बाहुली उंबऱ्याखालून काढून दाखवायची आणि उताऱ्याचे पैसे घ्यायचे. न झालेला रोग दाखवून औषध विकायचं, ते हेच. त्याच्याविरुद्ध २०१३मध्ये महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला.

खिडकीच्या पुढच्या पिढीत फोन नंबर आला. पूर्ण पडदा व्यापणारं पान, कर्कश आवाज, 'बंद करू नका, या नंबरवर बोला'. अशा वेळी एस्केप दाबून धरावं, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि फोन मुळीच करू नये. त्या नंबरच्या पलीकडे कितीदा आपल्याच देशातलं कॉल सेंटर असतं, अमेरिकेतल्या म्हाताऱ्याला घाबरवणारं. ऑक्टोबर २०२३मध्ये सीबीआयनं 'ऑपरेशन चक्र-२'मध्ये देशात ७६ ठिकाणी छापे घातले. मला ते वाचून लाज वाटली होती. कारण त्या म्हाताऱ्याच्या जागी मला मामाच दिसत होते. आता तीच खिडकी व्हिडिओ कॉल झाली आहे, आत वर्दीतला माणूस असतो, तो 'डिजिटल अटक' करतो. पैसे गेले तर क्षणभरही न थांबता १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लावायचा असतो.

त्या दिवशी मी मामांना फक्त ती राखाडी ओळ दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर लावून पत्ता वाचला. "म्हणजे तो मशिनीत नव्हताच?" "नव्हता." त्यांनी बँकेची शिल्लक बघितली, मग भाव बघितले.

पावसाळ्यात एकदा रात्री त्यांचा फोन आला. "भाऊ, परत ढाल आली आहे. पण निळी आहे, आणि खालची ओळ वाचली. वेबसाइटचा पत्ता नाही. विंडोज सिक्युरिटी लिहिलंय, तपासणी झाली म्हणतंय, काही सापडलं नाही. खरी आहे ना?"

"खरी आहे, मामा."

"मग राहू देतो," म्हणाले.