गुप्तहेर की सत्यान्वेषी?

इंग्रजीतील ‘डिटेक्टिव्ह’ ह्या शब्दासाठी मराठीने ‘गुप्तहेर’ हा शब्द पसंत केला, तेव्हा तिने नकळत एक निवड करून टाकली, असे आमचे मत आहे. हेर हा राजाचा माणूस. शिवकालातील बहिर्जी नाईक आणि पुढे मराठेशाहीत बातम्या आणणारे जासूद ही त्याची परंपरा. वेष पालटणे, परमुलखात शिरणे, बातमी काढून सुखरूप परत येणे, हे त्याचे गुण. गुन्ह्याचा शोध करणाऱ्याचे काम याहून निराळे. तो बातमी चोरून आणीत नाही. सर्वांच्या डोळ्यांदेखत पडलेल्या वस्तूंवरून तो अनुमान बांधतो आणि ते चारचौघांत सिद्ध करून दाखवितो. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करणारा आपला नैयायिक हा वस्तुतः त्याचा पूर्वज. पण नाव मिळाले ते हेराचे. आमच्या शेजारच्या तेलुगूने त्यास ‘अपराध परिशोधक’ म्हटले. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये ब्योमकेश बक्षी निर्माण केला, तेव्हा ‘डिटेक्टिव्ह’ आणि ‘गोयेंदा’ हे दोन्ही शब्द नाकारून त्याच्या तोंडी स्वतःसाठी ‘सत्यान्वेषी’ हे नाव घातले.

हा शब्दविचार आज करण्यास कारण आहे. आमच्या शाळेतून शिकून गेलेले आणि आता अभियांत्रिकीचे अध्ययन करीत असलेले काही विद्यार्थी एका व्हिडिओ गेमच्या मालिकेची जुळवाजुळव करीत आहेत. विषय गुन्हेशोधाचा, नायक मराठी आणि राहणारा तारनाक्याचा. मराठीत असा नायक पूर्वी कोणी घडविला होता काय, असे त्यांनी आम्हांस विचारले. घडविला होता, परंतु तो कोणत्या मुशीतून निघाला हे पाहिल्यावाचून त्याचे अनुकरण करण्यात अर्थ नाही.

मालिकेच्या नायकाचे मर्म प्रथम नीट ओळखले ते आर्थर कॉनन डॉइल यांनी. क्रमशः चालणाऱ्या कादंबरीचा एक अंक हुकला की वाचक तुटतो. उलट प्रत्येक कथा स्वयंपूर्ण ठेवून नायक मात्र तोच ठेवला, तर वाचक मासिकाशी बांधला जातो, हा त्यांचा हिशेब होता. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकातील होम्सकथांनी तो खरा ठरविला. होम्सची निरीक्षणशक्ती त्यांनी एडिंबरोतील आपले गुरू डॉक्टर जोसेफ बेल यांच्याकडून उचलली होती. म्हणजे हा नायक रुग्णालयातील तपासणीतून आला, दरबारातून नव्हे.

मराठीत ही मालिका खऱ्या अर्थाने फळास आली ती बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्या हाती. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा एकाच लेखणीतून उतराव्यात आणि गिरणगावातील कामगारापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यापर्यंत सर्वांनी त्या वाचनालयांतून झडप घालून न्याव्यात, ही सामान्य घटना नव्हे. समीक्षकांनी मात्र तिची दखल फारशी घेतली नाही. आमच्या पिढीतील शिक्षकांनीही ही पुस्तके बाकाखालून जप्तच केली. अर्नाळकरांनी एक नायक केला नाही, अनेक केले. धनंजय आणि त्याचा सहायक छोटू यांच्यामागे होम्स-वॉटसन ह्या जोडीची सावली स्पष्ट दिसते. तथापि वाचकांच्या मनात घर केले ते झुंजार आणि काळापहाड यांनी. झुंजाराच्या जोडीस पत्नी विजया आहे. काळापहाड म्हणजे प्रत्यक्षात चंद्रवदन. हे दोघे कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांस शासन करतात, आणि त्यांचे बळ आहे ते दुहेरी ओळखीत, धाडसात व ऐनवेळी प्रकट होण्यात. येथे हेर पुन्हा जिंकला. धनंजयाचे अनुमान मागे पडले आणि बुरखा पुढे आला. परकी सत्ता आणि तिचे पोलीस ज्यांनी पाहिले होते, अशा वाचकवर्गास कायद्याबाहेरचा न्यायदाता जवळचा वाटला असल्यास नवल नाही. म्हणून ह्यास आम्ही दोष म्हणणार नाही.

हैदराबादच्या वाचकास या बाबतीत आणखी एक दालन उघडे होते. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ ही उर्दू मालिका १९५२ मध्ये अलाहाबादेहून निघाली. तिच्यातील कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद हे उर्दू वाचणाऱ्या घराघरांत परिचित झाले. १९५५ पासून आलेला इम्रान तर वरकरणी मूर्ख आणि अंतरी धूर्त, हा नमुनाच वेगळा. पण फरीदीचे शहर कोणते, हे इब्ने सफी सांगत नाहीत. ब्योमकेशचे कलकत्ते मात्र गल्लीबोळांसह डोळ्यांपुढे उभे राहते. तो विवाह करतो, संसारात रमतो, वयाने वाढतो. सुमारे पंधरा वर्षांच्या खंडानंतर शरदिंदूंनी त्यास पुन्हा हाती घेतले, आणि १९५२ पासून १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे वास्तव्य पुण्यास होते. बंगालचा हा सत्यान्वेषी उत्तरायुष्यात आपल्या अंगणात वाढला आणि आपण मराठी माणसांनी त्याची वास्तपुस्त केली नाही, याची आम्हांस खंत वाटते.

आता व्हिडिओ गेमविषयी. जपानमध्ये युजी होरी यांनी १९८३ साली कोबे शहरात घडणारा एक खूनतपासाचा खेळ रचला. त्यात नायक पडद्यावर दिसतच नाही. खेळणारा हाच तपासाधिकारी. त्याने आज्ञा द्यावी आणि यासू नावाच्या सहायकाने ती पार पाडावी. (ह्या सहायकाचे रहस्य येथे फोडणे खेळणाऱ्यांवर अन्याय होईल.) ह्या माध्यमाचा धर्म त्यात उघड झाला. कादंबरीत नायकाने पुरावा खिशात दडविला तरी वाचक रागावत नाही, शेवटी टाळ्या वाजवितो. खेळात ते चालत नाही, कारण खिसा खेळणाऱ्याचाच असतो. बुरख्यामागे कोण आहे हे कोडे घालता येत नाही. बुरखा आपल्याच तोंडावर असतो. म्हणून झुंजारापेक्षा धनंजय, आणि धनंजयापेक्षाही ब्योमकेश ह्या कामास अधिक उपयोगी पडेल.

आणि अशा नायकास तारनाक्याइतके योग्य बिऱ्हाड दुसरे कोणते? तारेचे कुंपण आणि नाका यांवरून हे नाव पडले असे सांगतात. लगतच उस्मानिया विद्यापीठ आहे आणि जवळच हब्सीगुड्यात पेशीय व रेणवीय जीवविज्ञानाची ती प्रयोगशाळा, जेथे लालजी सिंग यांनी १९८८ च्या सुमारास डीएनए ठसा घेण्याचे भारतीय तंत्र सिद्ध केले. न्यायालयांत त्याचा पुरावा पुढे मान्य झाला. यामुळे शोधनायक बेकार होईल, ही भीती व्यर्थ आहे. रक्त कोणाचे, हे प्रयोगशाळा सांगेल. तो मनुष्य तेथे का आला होता आणि साक्षीदार खोटे का बोलतो, हे तिला सांगता येत नाही.

ते सांगण्यास भाषा कळावी लागते. हैदराबादी दखनीत ‘परसों’ म्हणजे केवळ परवा नव्हे. मागे होऊन गेलेला कोणताही दिवस, मग तो महिन्यापूर्वीचा का असेना. मुंबईहून आलेला अधिकारी साक्षीदाराच्या तोंडून ‘परसों’ ऐकून दोन दिवस मागे मोजील आणि निरपराध्यास कोठडीत घालील. येथे वाढलेला मराठी माणूस, ज्याच्या घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी, तो थांबून विचारील, “कौनसा परसों?” अशी खूण बेकर स्ट्रीटवर सापडणार नाही.

विद्यार्थ्यांनी काढलेल्या पहिल्या चित्रात नायकाच्या अंगावर लांब विलायती कोट होता. मे महिन्यातील तारनाक्यात तो किती पावले चालेल, एवढेच आम्ही विचारले. कोट गेला आहे. नावाचा प्रश्न राहिला आहे. डॉइल यांनीही आधी शेरिनफर्ड होम्स आणि ऑर्मंड सॅकर अशी नावे टिपून ठेवली होती आणि मग खोडली. मुलांना काळापहाडासारखे धडाक्याचे नाव हवे आहे. आम्ही मात्र हजेरीपटावर सहज खपून जाईल अशा साध्या नावाच्या बाजूचे आहोत.